डॅशबोर्डवरचं सागवान

वहिनी मला कचेरीत कधी फोन करत नाही. सरकारी कचेरीत फोन वाजला की सगळं खातं कान देऊन ऐकत बसतं, अशी तिची समजूत आहे आणि ती अगदीच चुकीची नाही. त्यामुळे त्या मंगळवारी दुपारी डबा उघडत असताना मोबाइलवर तिचं नाव दिसलं, तेव्हाच मी डब्याचं झाकण परत लावलं. ती एवढंच म्हणाली, "बेबीताई, घरी या. हे उठत नाहीयेत." मी रिक्षा केली आणि वारज्यापर्यंत त्या रिक्षावाल्याला इकडून घ्या, तिकडून काढा, असं सांगत राहिले. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्हीच चालवता का?" एरवी मी त्याला चांगलं सुनावलं असतं. घरी पोचले तेव्हा दादा पलंगावर कुशीवर झोपलेला होता. चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला, शेजारी डोळ्यांच्या थेंबांची बाटली. जेवण झाल्यावर तो पंधरा मिनिटं पडायचा आणि उठून थेंब घालायचा. त्या दिवशीचे थेंब घालायचे राहिले... डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलंही नसेल. अशा वेळी डॉक्टर सगळ्यांना हेच सांगतात की काय, कोण जाणे. पण मी ते धरून ठेवलं आहे.

याला आता सहा आठवडे होतील. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बरेच लोक बोलले. कारखान्यातले जुने सहकारी बोलले, विहारातल्या ज्या वाचनालयाची व्यवस्था दादा बघायचा तिथली मुलं बोलली. प्रभाकरराव कसे शिस्तीचे, कसे वेळेचे पक्के, हे सगळ्यांनी सांगितलं आणि ते सगळं खरंच होतं. मी बोलले नाही. मला बोलायचं होतं ते त्याच्या गाडीतल्या सहा प्लास्टिकच्या पट्ट्यांबद्दल. ते तिथं शोभलं नसतं. म्हणून इथं लिहिते आहे.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. तो एकोणिसाव्या वर्षी कामाच्या शोधात पुण्यात आला आणि माझी दहावी झाल्यावर त्यानं मलाही शिकायला इकडे आणलं. पुढे मला नोकरी लागली, वारज्याला एकाच सोसायटीत आम्ही घरं घेतली. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे दादानं मला आयुष्यात एकदाही विचारलं नाही, आणि दुसरं कुणी विचारायला लागलं की तो त्यांना आधी त्यांच्या घरचं विचारायचा. मी सत्तावन्न वर्षांची झाले तरी त्याच्या तोंडी माझं नाव बेबी. कचेरीत माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत, हे त्याला अनेकदा सांगून झालं होतं. तो म्हणायचा, "त्यांनी म्हणू नये बेबी. मी म्हणतो."

पुण्यात आल्यावर त्याला पहिलं काम मिळालं ते कसबा पेठेत, लोखंडी कपाटं रंगवणाऱ्या एका मिस्त्रींकडे. तेव्हा लोकांना कपाट लोखंडाचं हवं असायचं, पण दिसायला लाकडाचं. हे मिस्त्री आधी पिवळसर रंगाचा हात द्यायचे, तो वाळला की वर पातळ तपकिरी रंग फासायचे आणि तो ओला असतानाच त्यातून दातेरी रबर आणि कापलेला ब्रश ओढून लाकडाच्या रेषा उठवायचे. मधेच अंगठा दाबून गाठ काढायचे. दादा ते तीन वर्षं शिकला. नंतर मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात लागला आणि तिथं बत्तीस वर्षं राहिला. तिथं सगळं यंत्रावर, सगळं एकसारखं. रेषा काढायला कुणी सांगितलंच नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यानं गाडी घेतली. जुनी, दुसऱ्याने वापरलेली, पण ऐसपैस. आमच्या घराण्यातली पहिली. आतून ती साहेबी थाटाची होती. डॅशबोर्डवर एक लांब लाकडी पट्टी, गिअरभोवती एक आणि चारही दारांवर एकेक. लाकूड कसलं, प्लास्टिकच ते, वर लाकडाची छपाई आणि त्यावर काचेसारखं चकचकीत लॅकर. आई तेव्हा होती. तिला पुढे बसवलं तर तिनं डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि विचारलं, "आतमंदी लाकूडबी हाये काय रे?" दादा एक क्षण थांबला आणि म्हणाला, "हो आई. सागवान." ती हळहळली. म्हणाली, एवढ्या चांगल्या लाकडाचे दोन पोळपाट झाले असते. घराबाहेर शब्दाला पक्का असलेला माझा भाऊ आईशी खोटं बोलला ते एवढंच, आणि त्याला त्याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

ते सागवान घालवलं मी. साथीच्या दिवसांतली गोष्ट. दादा मला लस घ्यायला घेऊन गेला होता. परत आल्यावर तो अंघोळीला वर गेला आणि मी खाली राहिले. दुधाच्या पिशव्या साबणानं धुणारी बाई मी, गाडी तशीच सोडणार होते थोडीच! सॅनिटायझरची मोठी कॅन आणली, जुनं पातळ फाडलं आणि गाडी आतून पुसून काढली. त्या पट्ट्यांवर तर दोनदा हात मारला, कारण माणसांचे हात सगळ्यांत जास्त तिथंच लागतात, असा मी विचार केला. दुसऱ्या दिवशी पट्ट्या पांढुरक्या पडल्या. चौथ्या दिवशी वरचं लॅकर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं सुटायला लागलं. दादानं वाकून पाहिलं, नखानं एक पापुद्रा उचलला. मी बोलणी खायच्या तयारीत उभी. तो म्हणाला, "कोरोना मात्र नक्की मेला असेल." पुढे कित्येक वर्षं तो त्या खरूज झालेल्या डॅशबोर्डसमोर बसून गाडी चालवत होता आणि या विषयावर त्यानं पुन्हा अक्षर काढलं नाही. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या हिवाळ्यात त्यानं सोसायटीच्या फाटकाच्या डाव्या खांबाला गाडी घासली. खाली उतरून खांबाकडे बघत म्हणाला, "हा काल इथं नव्हता." आम्ही हसलो. महिन्याभरात त्याच खांबाला दुसऱ्यांदा घासली तेव्हा हसणं थांबलं. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. समोरचं स्वच्छ दिसेल, बारीक अक्षरही वाचता येईल, पण बाजूचं दिसणं गेलंय आणि गेलेलं परत येत नाही. गाडी मात्र आजपासून बंद. दादानं वाद घातला नाही. घरी येऊन किल्ली फ्रिजवर ठेवली. हा माणूस सगळ्यांना सोडायला जायचा, हे इथं सांगायला हवं. शेजारची गरोदर मुलगी असो, परीक्षेला उशीर झालेलं पोर असो, स्टेशनवर जायचं असलेले पाहुणे असोत, 'चला, सोडतो' हे त्याचं वाक्य. विहारातल्या वाचनालयाची पुस्तकं आणायची-न्यायची तीही याच गाडीतून. आता त्यालाच कुणीतरी सोडायला लागणार होतं, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

त्याची मुलगी पल्लवी खराडीला एका कंपनीत आहे आणि तिकडेच राहते. ती व्यवहारी. म्हणाली, "बाबा, चालवणारं कुणी नाही, उगाच पार्किंग अडवून ठेवलंय. विकून टाकू. कॅब आहेत ना." तिनंच एका दलालाला पाठवलं. तो आत बसला, इकडेतिकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाला, "काका, इंजिन ओके आहे, पण इंटिरिअर पार गेलंय. या पट्ट्या कुणी खरवडल्या काय?" मी तिथंच उभी होते. दादा त्याला म्हणाला, "तुमचा चहा झाला का? मग या आता."

पुढच्या रविवारी त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन सहाही पट्ट्या उतरवल्या आणि गच्चीवर नेल्या. विकण्याआधी गाडी जरा दिसायला बरी करतोय, असं मला, वहिनीला, सगळ्यांनाच वाटलं. मी प्रायश्चित्त म्हणून घासायला बसले. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन जुनं लॅकर आणि छपाई घासून काढायची, खालचं प्लास्टिक गुळगुळीत होईपर्यंत. मी दाबून घासायचे आणि तो ओरडायचा, "भांडं नाही ते!" मग अस्तराचा हात, मग पिवळसर रंग. आणि रेषा काढायची वेळ आली तेव्हा त्याला दातेरी रबर मिळेना. तीन दुकानं फिरला आणि शेवटी वहिनीची फणी एक सोडून एक दात कापून तयार केली. वहिनी म्हणाली, "माझे केस पातळ झालेत, एवढं बोलून दाखवायची काही गरज नव्हती."

रेषा कुठल्या झाडाच्या, हाही प्रश्नच होता. कंपनीनं छापलेलं लाकूड कुठलं तरी परदेशी, लालसर होतं. दादा म्हणाला, सागच. आईला तसं सांगितलंय. मग साग नीट बघायला म्हणून तो मला कसबा पेठेत घेऊन गेला. मिस्त्रींचं दुकान केव्हाच गेलेलं होतं. पण त्याच बोळात एका घराला जुनं सागवानी दार होतं, ते त्याच्या लक्षात होतं. तो त्या दारापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन उभा राहिला आणि बोटानं एकेक रेष वरपासून खालपर्यंत मोजत गेला. पाचेक मिनिटांनी दार उघडलं. आत एक आजोबा. "काय पाहिजे?" दादा म्हणाला, "काही नाही, तुमचं दार बघतोय." आजोबा म्हणाले, "बघून झालं की सांगा. आम्हाला ते वापरायचंही असतं." आणि शांतपणे आत निघून गेले. दार उघडंच ठेवलं त्यांनी, त्यामुळे दादाला उरलेला अर्धा भाग आत वाकून बघावा लागला.

त्यानं एक गोष्ट ठरवली होती. सहा पट्ट्या असल्या तरी झाड एकच हवं. चालकाच्या दारावर सुरू झालेली रेष डॅशबोर्डवरून वाहत पलीकडच्या दारावर गेली पाहिजे, मधे हवा असली तरी. मी म्हटलं, कोण बघणार आहे? कंपनीनं तरी कुठे बघितलं होतं? तो म्हणाला, "म्हणून तर ते खोटं वाटायचं." सगळ्या पट्ट्या गाडीतल्या क्रमानं गच्चीवर वर्तमानपत्रांवर मांडून तो गुडघ्यांवर बसायचा आणि श्वास रोखून फणी ओढायचा. मनासारखं झालं नाही की कपड्यानं पुसून पुन्हा. डावीकडच्या पुढच्या दाराची पट्टी तर त्यानं सात वेळा पुसली. कडेनं मांजर गेलं तरी त्याला दिसायचं नाही, पण समोरची केसाएवढी रेष दिसायची. मी त्याच्याकडे बघत बसायचे. बत्तीस वर्षं कारखान्यात घालवून हा माणूस आता कुठे स्वतःच्या कामावर आला, असं मला वाटायचं.

पट्ट्या वाळत होत्या त्या दिवसांत एकदा त्यानं माझ्यापुढे एक फॉर्म ठेवला. शिकाऊ वाहनपरवान्याचा. नाव माझं, त्याच्या सुबक अक्षरात भरलेलं.

"हे काय?"

"सही कर."

"गाडी विकायची आहे ना?"

"विकायला कोण एवढ्या रेषा काढतं, बेबी?"

मी भडकले. मला विचारलं नाही, माझं वय बघितलं नाही. पस्तिसाव्या वर्षी स्कूटर शिकताना मी भाजीच्या गाड्यावर गेले होते, त्या वांग्यांचा हिशेब अजून सोसायटीत निघतो. पुण्याच्या रहदारीत मी? मी सगळं बोलून घेतलं. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "काहून भेतेस इतकी?" वर्ध्याची बोली तो पुण्यात दोनच वेळा काढायचा. राग अनावर झाला की, आणि समोरच्याला नाही म्हणता येऊ नये तेव्हा. मी सही केली.

पल्लवीला कळलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. बाप अर्धा आंधळा आणि आत्या पूर्ण घाबरट! शेवटी तिनं अट घातली. जूनच्या पहिल्या रविवारी आत्यानं स्वतः गाडी चालवत वारज्याहून खराडीला तिला न्यायला यायचं. आली तर गाडी राहील. नाही तर सोमवारी दलाल येईल. दादा म्हणाला, मान्य. मला कुणी विचारलंच नाही.

रेषांवर नव्या लॅकरचा हात बसला आणि एप्रिलच्या अखेरीस पट्ट्या गाडीत लागल्या. मी दार उघडून पाहिलं आणि खरंच, एक झाड आडवं पडून त्या दारापासून या दारापर्यंत गेलं होतं. दादानं आम्हा सगळ्यांना खाली बोलावून ताकीद दिली की लॅकर वरून कोरडं वाटतं, पण आतून पक्कं व्हायला महिना लागतो आणि या उन्हात तर जास्तच. तोवर पट्टीला कुणी बोट लावायचं नाही. वहिनीला त्यानं मागच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसायला लावलं.

ड्रायव्हिंग स्कूलचे धडे चालू होते, पण खरी शिकवणी संध्याकाळी दादाजवळ. तो डावीकडे बसायचा आणि त्याला बाजूचं काही दिसत नसल्यामुळे मला सतत विचारायचा, "डावीकडे कोण?" मी सांगायचे, सायकलवाला. "उजवीकडे?" टेम्पो. "किती लांब?" दोन हात. सांगायचं म्हणून बघावं लागायचं आणि बघायची सवय लागली की घाबरायला वेळ राहायचा नाही. दादानं हे मुद्दाम केलं की त्याची गरजच ती होती, मला आजही सांगता येत नाही. मी गाडी बंद पाडायचे, चढावर मागे सोडायचे, एकदा पीएमटीच्या पुढ्यात तिरकी उभी केली. बसचा ड्रायव्हर माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होता. दादा समोर बघत म्हणाला, "क्लच दाब. पहिला टाक. त्यांचं होऊ दे." त्याचा चेहरा बसथांब्यावर बसलेल्या माणसासारखा असायचा आणि उजवा हात मांडीवर स्वस्थ पडलेला. मला वाटायचं, याला बाजूचं दिसतच नाही, मग हा घाबरणार कशाला? त्या स्वस्थ हाताकडे बघून मी शिकले.

पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आणि जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. कर्वे रस्ता, नदी, पुढे नगर रस्ता. एवढं शहर मी याआधी कधी ओलांडलंच नव्हतं असं वाटत होतं. तळहातांना घाम, पाठीला घाम. एका चौकात उजवीकडून एक पाण्याचा टँकर आणि डावीकडून रिक्षा, दोघंही माझ्या बोनेटवर हक्क सांगत आले. मी किंचाळले, "दादा, दोन्हीकडून!" तो म्हणाला, "मग मधे कोण आहे?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग जा की." मी गेले. खराडीला पल्लवी तिच्या इमारतीच्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती. मी गाडी तिच्यापाशी उभी केली, फुटपाथपासून जरा जास्तच लांब. ती आत डोकावली, माझ्या भिजलेल्या चेहऱ्याकडे, डॅशबोर्डकडे, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "ठीक आहे. ठेवा." दादा तिच्याकडे वळला आणि म्हणाला, "चल, सोडतो." रविवार होता, तिला कुठेच जायचं नव्हतं. तरी ती बसली.

त्यानंतर जेमतेम दोन महिने मिळाले आम्हाला. त्या दोन महिन्यांत आम्ही शेजारच्या आजींना डॉक्टरकडे सोडलं, पुस्तकांचे खोके आणले, कुणाच्या तरी पाहुण्यांना स्टेशनवर पोचवलं. 'चला, सोडतो' दादाच म्हणायचा, चालवायचे मी. मग तो मंगळवार आला... गाडीवर कव्हर चढवलं आणि मी खाली जायचंच टाळायला लागले.

गेल्या रविवारी पल्लवी आली. आईला भेटली आणि माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "आत्या, मला शिकव." मी किल्ली दिली. ती चालकाच्या जागी बसली आणि मी फिरून डावीकडे गेले. शिकायला लागल्यापासून मी त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. फाटकातून बाहेर पडता पडता तिनं क्लच एकदम सोडला, गाडीनं उसळी मारली आणि समोरून टेम्पो आला. माझा डावा हात आपोआप दाराच्या मुठीकडे गेला आणि पट्टीच्या खालच्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं माझी चार बोटं चार खळग्यांत जाऊन बसली.

गाडी थांबली तेव्हा मी वाकून पाहिलं. लॅकर आतून कच्चं असताना कुणीतरी तिथं घट्ट धरलं होतं. एकदा नाही, अनेकदा, त्याच जागी. बोटांच्या टोकांचे ठसे स्पष्ट उमटून कायमचे वाळले होते. फणीनं ओढलेल्या सागाच्या रेषांवर आडव्या, दादाच्या बोटांच्या रेषा. म्हणजे रोज संध्याकाळी उजवा हात मला दिसेल असा मांडीवर ठेवून तो डाव्या हातानं जीव मुठीत धरून बसला होता. सगळ्यांना ताकीद देऊन, सात वेळा पुसून काढलेल्या त्याच पट्टीवर... मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना.

"आत्या, काय झालं?" पल्लवी घाबरून म्हणाली. "भीती वाटतेय का तुला?"

"छे गं," मी म्हटलं, "तू समोर बघ." बोटं मात्र मी तिथून काढली नाहीत.